आईचा मर्चा

धरान, मंसिर २, संवत २०५०

भाउजू,

सगळी नाचणी डुकरांपुढे ओतली. दुसऱ्यांदा. आणि डुकरंसुद्धा माझी नाहीत, घरमालकिणीची. म्हणजे माझ्या पैशावर तिची डुकरं माजणार. तुला लिहितेय, कारण नणंदेनं वहिनीला सोडून दुसऱ्या कुणाला शिव्या घालायच्या?

पहिल्यांदा बिघडली तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, जागा नवी, भांडी नवी, धरानची हवा गरम, होतं असं. ह्या खेपेला मात्र आई जे जे करायची ते सगळं केलं. नाचणी शिजवली, चटईवर पसरली, हाताला कोमट लागेपर्यंत थांबले. मला थांबणं किती जमतं ते तुला ठाऊक आहे. मग ती आंबवायला तू दसैंच्या सणाला पाठवलेल्या मर्च्याच्या वड्या कुटल्या, पीठ वरून भुरभुरलं, टोपलीत नेच्याची पानं अंथरली, नाचणी भरली, वर गोणपाट. झाकण काढल्यावर गोड वास यायला हवा की नाही? तर ओल्या मोज्यांचा वास. माझा नवरा लाहुरे पलटणीतून सुट्टीवर आला आणि बूट काढायला बसला की यायचा, तोच.

आईच्या वड्या अशा कधी वागल्या नाहीत. आईच्या वड्या घातल्या की दगडालासुद्धा फेस आला असता.

मला लोक म्हणायचे, तोंग्बाच्या दारूचं दुकान काढायला काय लागतं, नाचणी आणि गरम पाणी. त्या लोकांना माझ्यापुढे आण. बसथांब्यामागची खोली धरली, तिचं भाडं आधी द्यावं लागलं. कानातलं गेलं त्यात. ती प्यायचे बांबूचे तोंग्बा घेतले ते ओल्या बांबूचे निघाले, अर्धे तडकले, पाणी ओतलं की गिऱ्हाइकाच्या मांडीवर. ते परत घ्यायला गेले तर विकणारा म्हणतो, "दिदी, हळू ओत." किटल्या, स्टोव्ह, बाकं, ओढायच्या नळ्या, सगळं घेतलं. हवालदार रोज दारात उभा राहतो, "दिदी, कधी उघडतेस?" अजून एक तोंग्बा विकला नाही आणि फुकट पिणारा ठरलासुद्धा.

तू म्हणशील, कशाला हा उद्योग, नवरा पेन्शन घेतो, घर आहे. घर आहे, भाउजू. लाहुरेनं ती पोर आणून बसवली तेव्हापासून ते तिचं आहे. मी निघाले तेव्हा त्यानं काय सांगितलं माहितेय? "फिरून थकलीस की ये. मागची खोली आहे." मागच्या खोलीत परवापर्यंत बकऱ्या होत्या. बकऱ्या विकल्या, आता मी. तिची भांडी घासायची, तिचं पोर झालं की त्याचे लंगोट धुवायचे, आणि तिनं दिलं तर जेवायचं. त्यापेक्षा मी बसथांब्यावर निजेन.

तर नीट ऐक. ह्या मोसमातल्या ताज्या वड्या पाठव. साइंला ड्रायव्हर वेलदोड्याची गाडी घेऊन उतरतो त्याच्या हाती दे. आणि खरं सांग, नेहमीचा पाला घातला होतास का, की घाईत काही राहिलं? तुझ्या लेकीला, पबित्राला, गोड पापा. दादाला नमस्कार, तो शुद्धीत असेल तेव्हा.

बीरमती

*

फिदिमवरून, मंसिर १०

बहिणी बीरमती,

तुझं पत्र साइंलानं दिलं. तुझं अक्षर अजून पलटणीच्या बायकांच्या वर्गातलंच आहे, पण शिव्या वाचता आल्या.

नाचणी वाया गेली ऐकून वाईट वाटलं. मला वाटतं तिथलं पाणी. नळाच्या पाण्यात औषध घालतात म्हणे. किंवा टोपली ज्या खोलीत ठेवतेस तिथे घरमालकीण लोणची ठेवत असेल, आंबट वास शेजारी असला की मर्चा रुसतो. आईच म्हणायची. वड्या पाठवते आहे. थोड्याच आहेत.

इकडे सगळं ठीक. तुझे दादा आता शुद्धीतच असतात. तुझ्या मागच्या दोन पत्रांत तू असंच काहीतरी खोचून लिहिलंस, मी त्यांना वाचून दाखवत नाही. सकाळी उठून गोठा तेच झाडतात. वेलदोडा यंदा बरा आला. पबित्राची सोयरीक ठरली, इलामकडचा मुलगा आहे, शाळेत शिकवतो. घाईत उरकलं, तुला बोलवायचं राहून गेलं, राग मानू नकोस.

एक सुचवू? तोंग्बाच कशाला पाहिजे? बसथांब्यावर लोकांना गरम काहीतरी लागतं. मोमो कर. चहा कर. तुझ्या हातची चटणी गावात कुणाला जमायची नाही. पिणाऱ्यांची उठबस बाईमाणसानं एकटीनं सांभाळायची म्हणजे सोपं नाही. तू लहानपणापासून कुणाला भीत नाहीस, पण भीती नसली म्हणून डोकं फुटत नाही असं थोडंच आहे?

उगाच सांगितलं. तुला पटणार नाही हे मला माहीत आहे.

तुझी
सांचमाया

*

धरान, मंसिर १९

भाउजू,

चहा! पबित्राच्या सोयरिकीला तू चहा दिलास!

मला साइंलानं सांगितलं. मी आपली हौसेनं विचारलं, "कशी झाली रे सोयरीक?"

"छान झाली, दिदी. चहा चांगला होता."

"आणि मग?"

"मग बिस्किटं."

"अरे बिस्किटं काय, तोंग्बा कुणी ओतले? घागर कुणी फोडली?"

"घागरीत पाणी होतं, दिदी. मुलाकडचे म्हातारे तिकडेच बघत बसले होते. शेवटी एकानं वाकून आत डोकावलंसुद्धा."

मला त्याच्या गाडीच्या चाकाखाली जावंसं वाटलं. आपल्यात पोरगी मागायला येतात ते दारूची घागर घेऊन येतात, घागर पिऊन जातात. आईच्या उंबऱ्यात, जिथे पाच डोंगरांवरून बायका मर्चा मागायला यायच्या, तिथे पाहुण्यांना कपबश्या! मुलगा शाळेत शिकवतो म्हणून का? की खर्च वाचवलास? वाचवलेलं काय झालं ते मला आता कळलंय, तेच लिहायला बसलेय.

तुझी पुडी आली तेव्हा नाचणी चटईवर निवत होती. घरमालकीण शेजारीच बसली होती. राई जातीची आहे, स्वतः मर्चा करते, सगळ्या गल्लीला विकते, आणि नाक प्रत्येकाच्या टोपलीत. मी पुडी सोडली. तिनं एक वडी उचलली, उलटी केली, आणि हसायलाच लागली.

"कुठून आणल्यास ह्या?"

"माहेरच्या आहेत. माझ्या आईचा मर्चा."

"तुझी आई पेंढ्यावर वड्या घालायची?"

मी वडी हिसकावून घेतली. भाउजू, खालच्या बाजूला पेंढ्याच्या रेघा होत्या. उभ्या, सरळ, झाडूच्या हीराएवढ्या. आई वडी नेच्यावर घालायची. ओल्या नेच्यावर, आणि सुकल्यावर पाठीवर त्याचं बारीक कातरलेलं पान उठायचं. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचे, मार खाईपर्यंत. पेंढ्यावर घालतात ते खालच्या मैदानातले व्यापारी. पोत्यानं विकतात.

"तुझ्या भाउजूनं तुला टोपी घातली," घरमालकीण म्हणाली. वर म्हणाली, "माझ्या घे. अर्ध्या गल्ल्यावर." ती बसलीच आहे टपून.

दसैंच्या पुडीतला उरलेला चुरा काढून पाहिला. त्याचे तुकडेसुद्धा तसलेच. तेव्हा माझं लक्ष नव्हतं, तू दिलंस म्हणून कुटत गेले. तरी आताच्या ह्या वड्यासुद्धा घातल्या, कारण नाचणी शिजलेली होती आणि दुसरं काय करणार होते. काहीच झालं नाही. ना आंबट ना गोड. नुसती बसून राहिली, लाहुरेच्या पोरीसारखी.

आता तू सांग. आईचा खरा मर्चा कुठे जातो? फिदिमच्या हॉटेलवाल्यांना विकतेस ना? ते चार पैसे जास्त देतात, आणि नणंदेला काय, बाजारातला भुसा चालतो. चहा करून वाचवायचं, वड्या विकून कमवायचं, आणि मला सांगायचं पाण्यात औषध आहे! मीच तुला त्या घरात आणलं. धाननाचात दादाचा हात तुझ्या हातात मी दिला, नाहीतर तू अजून पल्याडच्या डोंगरावर मका सोलत असतीस.

उत्तर दे. आणि पाण्याबद्दल लिहू नकोस.

बीरमती

*

फिदिमवरून, मंसिर २७

चिरंजीव बहीण बीरमती हिला दादा दिलहांगचा आशीर्वाद.

तुझं पत्र ह्या वेळी माझ्या हाती पडलं. मी वाचलं. तुझ्या भाउजूवर घेतलेला आळ खोटा आहे. तिनं काही विकलेलं नाही, कारण आमच्या घरात विकायला काही उरलेलं नाही.

गेल्या वर्षी चैतात आम्ही दोघांनी गुरूंसमोर नेम घेतला. मांस नाही, दारू नाही, दारू करणं नाही, त्यासाठी लागणारी वस्तू करणं नाही. गावातल्या बऱ्याच घरांनी घेतला आहे. आईच्या वेळच्या वड्या, टोपल्या, रक्सी गाळायची भांडी, सगळं त्याच दिवशी घराबाहेर गेलं. पबित्राच्या सोयरिकीला चहा दिला याची आम्हाला लाज नाही. मी स्वतः वाढला.

तुला हे आधी सांगायला हवं होतं. तुझी भाउजू म्हणाली, मी कळवते. तिनं कळवलं नाही आणि बाजारातून वड्या घेऊन तुला पाठवत राहिली हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. त्याबद्दल मी तिच्याशी बोललो आहे.

तू जो धंदा मांडते आहेस तो सोड. त्यात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, आणि मी जवळून पाहिलं आहे. इथे वरच्या वाफ्याशेजारी तुला एक छप्पर घालून देतो. नेम घे आणि ये. बहिणीला भावाच्या घरात जागा आहे.

दिलहांग

*

धरान, पुस २

भाउजू,

हे पत्र साइंला तुझ्याच हातात देईल, झऱ्यावर. दादाच्या हातात गेलं तर त्याला भाडं मिळणार नाही, असं सांगितलंय.

दादाला मी उत्तर देत नाही. नेम घे आणि ये म्हणे. इकडे नवरा म्हणतो भांडी घास आणि ये, तिकडे भाऊ म्हणतो नेम घे आणि ये. मी काय गाय आहे, दोर कुणाचा एवढंच ठरायचंय?

तुला विचारते. "घराबाहेर गेलं" म्हणजे कुठे गेलं? कुणी टाकलं? एकसुद्धा वडी उरली नाही? तुला माहीत आहे, मागच्या मर्च्यातला चिमूटभर नव्या पिठात पडला तरच नवा उठतो. आईला तिच्या सासूनं दिला, सासूला तिच्या सासूनं. एक मोसम चुकला की संपलं. एवढ्या बायकांनी जपलेलं एका दिवसात कुणी संपवलं? दादानं ना? पीत होता तेव्हा त्यानं सगळं पिऊन संपवलं, आणि साधू झाल्यावर उरलेलं फेकलं.

आई मला शिकवायची नाही. मी शेजारी गेले की धपाटा. "तू उद्या परक्या घरची, विद्या घेऊन जाशील." कुठली मुळं, कुठलं फूल, कुठला पाला, सगळं तुला सांगितलं. तुला, जी चार दिवसांपूर्वी घरात आली होतीस! मी बाहेर डुकरांचं आंबोण ढवळत बसायचे आणि आतून तुमच्या दोघींची कुजबूज ऐकायचे. तेव्हा वाटायचं, जाऊ दे, घरात तर आहे. आता घरातही नाही.

आणि तू मला पेंढा पाठवलास. न सांगता. एकदा नाही, दोनदा. का?

बीरमती

*

फिदिमवरून, पुस ९

बीरमती,

वाचून झालं की हे चुलीत घाल.

तुझ्या दादानं काही फेकलं नाही. मी फेकलं. तो अंगणात उभा होता, त्याला आईच्या वड्यांना हात लावायचा धीर झाला नाही, रडत होता. मी डालगं उचललं, खोलाच्या ओढ्यावर नेलं आणि पाण्यात पालथं केलं. एकही ठेवली नाही. ठेवायची असती तर ठेवता आली असती, कुणाला कळलं नसतं. तो मोजत नव्हता.

तू धरानला होतीस, तुला माहीत नाही. थोडं माहीत होतं, म्हणून तू "शुद्धीत असेल तेव्हा" असं लिहायचीस आणि तिकडे हसायचीस. आई होती तोवर तो अंगणात पडायचा. आई गेल्यावर आत यायला लागला. वड्या मी करायची, नाचणी मी आंबवायची, रक्सी मी गाळायची, आणि तीच पिऊन तो माझ्या अंगावर यायचा. मी माझा मार माझ्या हातानं शिजवत होते, बीरमती. आणि चांगला शिजवत होते, कारण आईनं शिकवलं होतं. पाच डोंगरांवर तसा कुणाला जमत नव्हता. मी आणि पबित्रा पायात बूट घालून निजायचो, म्हणजे पळताना वेळ जायला नको. किती वर्षं ते विचारू नकोस. मक्याच्या शेतात किती वेळा पहाट झाली तेही नको.

मग ते गुरू आले, आणि तो गेला ऐकायला, आणि नेम घेऊन आला. माझा विश्वास बसला नाही. एक पूर्ण पावसाळा मी बूट काढले नाहीत. आता काढते. देव, पूर्वज, मला त्यातलं काही कळत नाही. मला बूट कळतात.

आईनं तुला का शिकवलं नाही तेही सांगते. तू विचारतेस म्हणून. मी एकदा विचारलं होतं, आई, बीरमतीला का नाही? ती म्हणाली, "लेक पळून जाऊ शकते. सून कुठे जाईल?" मी हसले होते तेव्हा. मला वाटलं होतं माझं कौतुक चाललंय.

आता दुसरं. तुझी चिठ्ठी दसैंच्या आधी आली, वड्या पाठव म्हणून. मला लिहिता आलं नाही की आईचा मर्चा मी बुडवला. म्हणून फिदिमच्या बाजारातून घेतल्या. त्या बिघडतील हे मला माहीत नव्हतं, शपथ. पण दुसऱ्या वेळी माहीत होतं. दुकानदार स्वतः म्हणाला, "ह्या पावसातल्या आहेत, कोंबड्यांना घाल." मी म्हटलं, बांध. मला वाटलं तुझं दुकान सुरूच होऊ नये. तू चहा विकशील. तुझ्या बाकावरून उठून कुणी आपल्या घरी जाईल आणि तिथे कुणी बूट घालून बसलेली असेल, ते तरी तुझ्या हातून नको.

तुझ्या कानातल्याचं मला माहीत नव्हतं. ते आईचं कानातलं ना? मागच्या खोलीचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि तरी मी ती पुडी बांधली. दोन्ही खरं आहे.

तुझा दादा माझ्याशी "बोलला" त्याबद्दल काळजी करू नकोस. नुसताच बोलला. पण बोलताना त्याचा आवाज चढला तेव्हा मी दाराकडे बघितलं, आणि ते त्यानं बघितलं, आणि मग तो गप्प झाला. एवढ्यावर माझं घर उभं आहे. त्यावर तू टेकू नकोस.

सांचमाया

*

धरान, पुस १४

सांचमाया,

भाउजू लिहिलं नाही. त्या नात्यानं तुला काय दिलं ते वाचलं. आपण मका सोलायचो तेव्हा तू सांचमायाच होतीस.

पत्र चुलीत घातलं. आधी तीनदा वाचलं, मी हळू वाचते.

मला राग नाही असं समजू नकोस. आहे. त्यातला थोडा दादावर गेला, थोडा आईवर, ती मेलीय म्हणून तिला काही होत नाही. तुझ्या वाट्याचा तुझ्यासाठी ठेवलाय. मी हसायचे हे खरं. मला वाटायचं तो पडतो, झोपतो, उठतो, सगळ्यांचे पुरुष करतात तसं. तुझे बूट मला कुणी सांगितले नाहीत. पण तू मेलेल्या वड्या बांधून पाठवल्यास, माझ्या भल्यासाठी. माझ्या भल्यासाठी लाहुरेनं मागची खोली झाडून घेतलीय. माझ्या भल्यासाठी दादा छप्पर घालतोय. मला न विचारता माझं भलं करणाऱ्यांत आता तूही.

तू लिहिलंस, माझ्या बाकावरून उठून कुणी घरी जाईल. जाईल. त्याचं मी काय करणार ते मला माहीत नाही. घरमालकिणीला विचारलं तर ती म्हणाली, "तू नाही दिलंस तर तो पुढच्या दारात पिईल." हे मलाही सुचलं होतं, आणि हे उत्तर नाही हेही मला कळतं. एवढंच सांगते, ज्याच्या बायकोच्या तोंडावर वळ दिसला त्याला माझ्या दारात गरम पाणी मिळेल, डोक्यावर. हसू नकोस, मी करेन.

आता इकडचं ऐक. तिसरी नाचणी गेली तेव्हा माझ्याजवळचं संपलं. घरमालकीण म्हणते, मर्चा ती देणार, नाचणी ती देणार, दुकान तिच्या नावावर, मी चूल फुंकायची आणि अर्ध्यातलं अर्धं घ्यायचं. माघे संक्रांतीला हो की नाही ते तिला सांगायचंय. हो म्हटलं तर मी तिची मोलकरीण. नाही म्हटलं तर खोली सोडायची, आणि मग तुला माहीतच आहे कुठल्या दोन दारांत उभं राहायचं. लाहुरे परवा बसथांब्यावर येऊन बघून गेला. सुपारी कातरत उभा राहिला आणि माझ्या रिकाम्या बाकांकडे बघून मान हलवली. तसा दया दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसरी वाट तुझ्याकडे आहे, आणि ती तुला माहीत आहे, म्हणूनच तू पत्रात तिच्या आसपाससुद्धा गेली नाहीस. वड्या खोलात गेल्या. पण मुळं अजून रानात उगवतात. फूल अजून फुलतं. काय घ्यायचं, कुठल्या पाल्यातलं कोवळं आणि कुठल्यातलं जून, मिरची किती, आलं किती, सगळं तुझ्या डोक्यात आहे. जुन्या मर्च्याचं बी मी इथे कुणाकडूनही चिमूटभर उचलेन, मला चोरायला लाज नाही. बी परकं चालेल. पाला आईचा पाहिजे. मग घरमालकीणच काय, अख्खी गल्ली माझ्या दारात रांग लावेल, आणि दुकान माझ्या नावावर राहील.

नेम काय म्हणतो ते दादानं मला सविस्तर लिहिलंय. पिणं नाही. करणं नाही. लागणारी वस्तू करणं नाही. नाव सांगणं नाही, असं त्यात कुठे आहे? रानात उभी असलेली झाडं आहेत, त्यांची नावं. आणि असलं तरी, तुझं तू ठरव. नेम त्याला वाचवायला होता की तुला, तेही तूच ठरव.

आईचा नियम होता, लेकीला सांगायचं नाही कारण ती परक्या घरची. आता बघ मी कुठल्या घरची आहे. नवऱ्याच्या घरात बकऱ्यांच्या जागी, भावाच्या घरात वाफ्यावर, इथे भाड्यानं. मी कुणाच्याच घरची नाही, म्हणजे आईच्या हिशेबानं मला सांगायला आता हरकत नाही. आणि सून कुठे जाईल म्हणाली ना ती? तिला काय माहीत. इथे माझ्या खोलीत दुसरी चटई मावते. मोठी नाही खोली, पण दार आतून लागतं. मी ये म्हणत नाही. मावते एवढंच लिहिलं. आवाज पुन्हा चढला तर पबित्रालाही हा पत्ता पाठ करायला लाव.

पण हे तुला बदल्यात देत नाहीये, नीट समज. चटई आहे ती आहे, तू मला काही सांग अगर सांगू नकोस. पाल्यांची नावं मी वेगळी मागतेय. माझ्या त्या नाचणीबद्दल मागतेय, जी तुझ्या पुडीनं मेली. पैसे देऊ नकोस, दादा विचारेल. नावं दे. तेवढं तू माझं देणं लागतेस.

आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी संक्रांतीला घरमालकिणीच्या चुलीपुढे बसेन, तिच्या वड्या कुटेन, आणि कुणी विचारलं तर सांगेन की आईचा मर्चा संपला, तो तिच्या सुनेनं संपवला आणि तिला तसं करायला कारण होतं. दोन्ही सांगेन. एकच सांगितलं तर खोटं होईल.

साइंला पुस पंचवीसला माल भरून खाली निघतो. सकाळी झऱ्याजवळ गाडी उभी करेल, हॉर्न वाजवणार नाही. त्याच्या हाती दे. तब्येत कशी आहे, वेलदोडा कसा आहे, ते काही नको. नावं लिही, नाहीतर "नाही" लिही. काही न लिहिता त्याला परत पाठवलंस तर मी ते हो धरणार नाही आणि नाहीही धरणार नाही, मी स्वतः वर चढून येईन आणि अंगणात दादासमोर विचारेन, आणि तुला ते नको आहे.

पुस पंचवीस. दादाला विचारून नाही. तुझ्या हातानं.

बीरमती